बरणीतले चार सेल

मंगळवार, ५

मी जिवंत आहे. एवढं एक वाक्य लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आता बाकीचं.

ही वही आमच्या हरवले-सापडले कक्षातलीच. कुणीतरी बसमध्ये विसरलं, आत एक अक्षर नाही. मुदत संपली, मालक आला नाही, म्हणून रजिस्टरात रीतसर नोंद करून मी घेतली. दोन वर्षं कपाटात पडून होती, कारण माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं.

आज सव्वाअकराला बसस्थानकात पोलिसांच्या तीन गाड्या शिरल्या आणि मला जवळजवळ खुर्चीसकट बाहेर काढलं. चहाचा कप हातातच राहिला. रस्त्यापलीकडे दोन तास उभं केल्यावर कळलं, की काल अकरा नंबरच्या बसमधून आमच्याकडे जमा झालेल्या पिशवीतला रेडिओ हा रेडिओ नव्हता. बॉम्ब होता. काल संध्याकाळी साडेपाचला, बस खच्चून भरलेली असताना फुटायचा होता. कंडक्टरनं सव्वाचारलाच पिशवी बघितली आणि आमच्याकडे आणून टाकली. म्हणजे फुटता तर आमच्या खोलीत फुटता, आणि आमच्या भिंतीपलीकडे प्रतीक्षालय आहे, तिथे साडेपाचला चारशे माणसं असतात. फुटला नाही. आज सकाळी ती पिशवी ठेवणारा एक इसम सापडला, तेव्हा पोलिसांना पत्ता लागला. तोवर तो रेडिओ माझ्या खुर्चीपासून तीन हातांवर फळीवर बसून होता. सकाळी आल्या आल्या मी त्याच्यावर माझी पर्स टेकवली होती!

का फुटला नाही, कुणाला माहीत नाही. ज्यानं कुणी वाचवलं त्याचे आभार. कंडक्टरचे आभार. आज घरी येताना बसमध्ये एका बाईचं कोपर बरगडीत घुसत होतं, मी तिचेसुद्धा मनात आभार मानले.

काल खरं तर मी तिथे नव्हतेच. वन्संना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून चारलाच निघाले. हजेरीपटावर साडेपाचची सही आधीच करून ठेवली, सगळेच करतात. कक्षात होयबा होता. होयबा म्हणजे माझा मदतनीस. बारा वर्षांत 'होय बाई' याच्यापलीकडे फारसं बोललेला नाही, म्हणून अख्खा डेपो त्याला होयबा म्हणतो. मीही म्हणते, पाठीमागे. तोंडावर 'अहो'.

रस्त्यापलीकडे तो माझ्या शेजारीच उभा होता, पांढराफटक. मी विचारलं, "काल मी गेल्यावर काय केलंत?"

"नेहमीचंच, बाई. नोंदी केल्या, सेल काढले, खोली झाडली."

बिचारा. बॉम्बशेजारी खोली झाडत होता.

(सेल काढणं हे माझं खूळ. मागे एका म्हाताऱ्याचं घड्याळ आमच्याकडे पडून राहिलं, आतले सेल पाझरले, घड्याळ खलास. म्हातारा माझ्यासमोर रडला. त्या दिवसापासून आलेल्या प्रत्येक वस्तूतले सेल आधी काढायचे आणि बरणीत टाकायचे. नंतर 'सापडलेली वस्तू उघडू नये, हाताळू नये' असं सर्क्युलर आलं. मी त्यावर सही केली, ते फायलीला लावलं आणि आम्ही सेल काढत राहिलो.)

बुधवार, ६

पेपरात माझा फोटो! खाली छापलंय, 'बॉम्बशेजारी शांतपणे काम करणाऱ्या बाई.' शांतपणे काम केलं कारण मला पत्ताच नव्हता, पण तेवढं छापायला जागा नसावी. वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातल्या दिव्यावरून चार वर्षं अबोला धरला होता, ते स्वतः खाली आले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "दिवा मी लावून घेतो." बॉम्बानं एवढं तरी भलं केलं.

दुपारी तपास करणारे साहेब आले. त्यांना भयंकर सर्दी झाली आहे. प्रत्येक प्रश्नाआधी रुमाल, प्रश्नानंतर रुमाल. समोर हजेरीपट उघडा.

"पिशवी आली तेव्हा आपण खोलीत होतात?"

त्या पानावर माझी सही, साडेपाच, अगदी ठसठशीत. आजूबाजूला डेपो मॅनेजर, दोन शिपाई, एक फोटोवाला. आजच पेपरात आलेल्या बाईनं काय म्हणायचं, की मी पळाले होते?

"होते," मी म्हणाले.

"रेडिओ कुणी उघडला, हाताळला?"

"माझ्यासमोर तरी नाही."

आणि हे शंभर टक्के खरं आहे. मी नव्हतेच, तर माझ्यासमोर कसा उघडणार? शब्दाला शब्द लावून पाहिलं तर आज मी एकच खोटं बोलले, तेही लहानसं, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

घरी वन्सं टीव्हीसमोर. सहा चौकोनांत सहा माणसं. एक म्हणे हरवले-सापडले कक्षच बंद करा. दुसरा म्हणे प्रवाशांना पिशव्याच आणू देऊ नका. तिसरा म्हणे, "बाहेरून आलेली माणसं अशा जागी ठेवताच कशाला?" वन्सं सहाही जणांच्या बाजूनं होत्या. प्रत्येकाला "बरोबर आहे" म्हणत होत्या.

यांच्या माघारी आम्ही दोघीच या घरात राहतो. नणंद-भावजय एका छपराखाली गुण्यागोविंदानं राहत नाहीत असं लोक म्हणतात. आम्हीही राहत नाही, पण राहतो. आज मी त्यांच्या ताटात आपणहून जास्त वाढलं, तर म्हणाल्या, "वहिनी, मरता मरता वाचलीस तू, आणि खायला घालतेस मला." दोघी हसलो. डोळ्यांत पाणी आलं. किती बरं वाटलं हे लिहून ठेवते.

गुरुवार, ७

कक्ष पुन्हा उघडला. स्थानकात लोकांची पाचावर धारण बसलेली. बाकावर कुणाचा तरी डबा राहिला, तर वीस पावलांचं रिकामं रिंगण त्याच्याभोवती. शेवटी एक शाळकरी मुलगी आली, "माझा आहे," म्हणाली आणि डबा घेऊन बसमध्ये चढली. बसमधली निम्मी माणसं उतरली. मला हसू आलं आणि त्यांचं वाईटही वाटलं. भीती काही कुणी हौसेनं बाळगत नाही.

सकाळी टीव्हीवर जाणकारांनी सांगितलं होतं, की त्या यंत्रात सेलच नव्हते. घालायलाच विसरले म्हणे. वन्सं पोट धरधरून हसल्या. मीही हसले. हसत हसत कामावर गेले.

दुपारी चहाच्या टेबलाखालून मॅनेजरांसाठी साखरेचा डबा काढताना सेलांची बरणी हाताला लागली. टेबलाखाली असते म्हणून पोलिसांच्या नजरेतून सुटली असावी. वरच चार सेल. मोठे, जाड, नवे कोरे. आमच्या बरणीत सगळे बारके, घड्याळांचे आणि खेळण्यांचे. या महिन्यात मोठ्या सेलांचं दुसरं काही आलेलंच नाही.

'नोंदी केल्या, सेल काढले, खोली झाडली.'

ते विसरले नव्हते. होयबानं काढले होते! चारशे माणसं, भिंतीपलीकडची पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळी त्या दोन बोटांनी वाचवली आणि मग त्यानं खोली झाडली. आनंदानं मला हुंदकाच फुटला. त्याला मिठी मारावी असं वाटलं, आणि मी काही मिठ्या मारणारी बाई नव्हे.

पण त्याचं स्टूल रिकामं. सकाळी दहालाच त्याला चौकशीला नेलं होतं. रेडिओच्या मागच्या झाकणावर त्याच्या बोटांचे ठसे मिळालेत. साधी चौकशी आहे, संध्याकाळपर्यंत सोडतील, असं मॅनेजर म्हणाले.

बरणी मी पिशवीत घालून घरी आणली आहे. तिथे कुणी टाकूनबिकून दिली तर? इथे सुरक्षित राहील.

शुक्रवार, ८

सोडलं नाही.

साहेब पुन्हा आले. सर्दी तशीच. त्यांचं म्हणणं सरळ आहे: ज्याला ते यंत्र बंद करता आलं, त्याला ते काय आहे हे माहीत असणार. त्यांच्यातलाच असावा, ऐन वेळी कच खाल्ली असावी. "आणि आपण समोर असताना आपल्या नकळत उघडलं, म्हणजे किती सफाई बघा," ते म्हणाले आणि शिंकले.



"तो म्हणतो, मी नेहमीच सेल काढतो," साहेब म्हणाले. "आपल्या कक्षात अशी पद्धत आहे का?"

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "सर्क्युलरमध्ये तसं नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. मॅनेजरनी मान डोलावली. एकोणीस वर्षं ऑफिसात घालवली की माणूस असं बोलायला शिकतो. त्यात खोटं एक अक्षर नसतं.

त्याच्यावर काही ठरणार नाही, कारण त्यानं काही केलेलंच नाही. एक-दोन दिवसांत त्यांचं त्यांनाच कळेल. मी आता बोलले तर आधी 'होते' का म्हणालात हे विचारणार, आणि मग बरणी घरी का नेलीत हेही विचारणार. माझ्या निवृत्तीला अकरा महिने राहिलेत.

कॅन्टीनमध्ये आज एकच विषय. तो आलाय कुठून? त्याचं बोलणं जरा वेगळं नाही का वाटत? बारा वर्षं तो यांच्याबरोबर याच टेबलावर डबा खात होता, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. एक ड्रायव्हर म्हणाला, "गप्प राहणारी माणसं अशीच असतात." मी डबा न संपवताच उठले.

शनिवार, ९

सकाळी दार वाजलं. होयबाची बायको. मी तिला एकदाच पाहिलं होतं, लांबून. घरमालकानं महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलंय. शेजारणी नळावर तिची बादली बाजूला सारतात. हे तिनं तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.

"काल पाच मिनिटं भेटू दिलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, बाईंना त्रास देऊ नकोस, त्यांच्याकडे जाऊ नकोस. तरी मी आले. तुम्ही तिथे होता ना? तुम्हाला काही माहीत आहे का, बाई?"

मी म्हणाले, "नाही हो."

"बसा" म्हणायचंही मला सुचलं नाही. ती दारातूनच गेली. तशा अवस्थेतही माझी गैरसोय होऊ नये म्हणून त्यानं तिला बजावलं, किती भिडस्त माणूस! मी जिन्यात जाऊन तिला हाक मारणार होते. काकांनी लावलेला नवा दिवा भर सकाळी लख्ख जळत होता. हाक मारली नाही.

संध्याकाळी स्थानकाच्या सभागृहात प्रवाशांची सभा. माझा सत्कार. हा एवढा मोठा गुच्छ. मग चर्चा. एकानं सुचवलं, चौकशी संपेपर्यंत बाहेरून आलेल्या सगळ्यांना स्थानकातल्या कामावरून दूर करावं. झाडणारे, हमाल, धुणारे मिळून चौदा माणसं. एक निवृत्त मास्तर उठून म्हणाले, "त्या चौदा जणांनी काय केलंय, एवढं मला कुणी सांगेल का?" त्यांना लोकांनी खाली बसवलं. एक बाई रडत म्हणाली, "माझी मुलगी रोज त्या बसनं जाते हो, तुम्हाला काय जातंय बोलायला?" तिचंही मला पटलं. तिच्या जागी मी असते तर मीही ओरडले असते.

हात वर करून मतं घेतली. माझे दोन्ही हात गुच्छात अडकले होते, त्यामुळे मी हात वर केला नाही. तेवढं एक बरं झालं.

ठराव पास झाला.

रविवार, १०

गुच्छ बादलीत ठेवलाय. त्याच्याकडे बघवत नाही.

दुपारी वन्संनी टीव्ही लावला. त्यावर होयबाचा फोटो, कुठल्या तरी जुन्या ओळखपत्रावरचा, आणि खाली 'आतला माणूस?' वन्सं म्हणाल्या, "बघ, डोळ्यांतच दिसतंय. असल्यांना..."

मी म्हणाले, "वन्सं, पुरे." आणि सगळं सांगून टाकलं. सही, 'होते', सर्क्युलर, बरणी, बायको, सगळं. सांगताना आवाज इतका चढला की मीच दचकले.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील गप्प बस, अकरा महिने काढ. मला वाटलं होतं कसलं, मला तेच ऐकायचं होतं. वन्संनी टीव्ही बंद केला.

"म्हणजे मी चार दिवस त्याला शिव्या घालत होते, आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस."

"होय."

"माझ्या डोळ्यांपायी लवकर निघालीस, तेव्हा यात मीही आहे. उद्या मी येते तुझ्याबरोबर. सांगायचं मात्र तू."

लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून या बाईशी माझं एकदाही एकमत झालं नाही. आज तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. देवा, ही मला दिलीस. आजवर कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

सोमवार, ११

साहेबांच्या टेबलावर बरणी ठेवली. आधी त्यांना वाटलं, सर्दीवरचं काही घरगुती औषध आणलंय.

मी उभ्या उभ्याच बोलले. बसले असते तर पुन्हा सर्क्युलरच्या भाषेत शिरले असते. "सेल काढायला मी शिकवलंय त्यांना. आठ वर्षं झाली, रोज, न चुकता. सर्क्युलर आल्यावर त्यांनी विचारलं होतं, आता काढायचे का? मी म्हणाले, काढायचे. गेल्या सोमवारी मी चारलाच गेले होते. सही खोटी आहे. ही बरणी मी लपवली."

साहेबांनी रुमाल खाली ठेवला. इतका वेळ रुमालाशिवाय त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच पाहिलं. चांगलेच तरुण आहेत.

"बाई," ते म्हणाले, "मी त्या माणसाला तीसदा विचारलं, सेल काढायला कुणी सांगितलं? तीसदा म्हणाला, कुणी नाही, माझीच सवय. मी विचारलं, बाई खोलीत होत्या? म्हणाला, होत्या, टेबलाशी बसल्या होत्या. तो खोटं बोलतोय हे मला कळत होतं. फक्त कशासाठी, ते कळत नव्हतं."

मला तेव्हा कळलं. इतक्या उशिरा. त्यानं हजेरीपट पाहिला होता. मी काय सांगितलं असेल हे त्यानं ओळखलं आणि माझ्या खोट्याला आपलं खोटं जोडून दिलं. बायकोला 'बाईंकडे जाऊ नकोस' म्हणाला तो भिडेपोटी नव्हे. आणि मी वहीत काय लिहिलं, भिडस्त माणूस!

मग साहेब असे ओरडले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. चार दिवस तपास चुकीच्या वाटेला लावला, खरे साथीदार तेवढ्यात कुठल्या कुठे गेले असतील, तुमच्यावरच गुन्हा दाखल करायला हवा. सगळं खरं होतं. मी ऐकून घेतलं. वन्सं मध्येच म्हणाल्या, "ओरडा, पण त्याला आधी सोडा." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग एक मोठी शिंक दिली आणि फोन उचलला.

गुरुवार, १४

होयबा मंगळवारी सुटला. मी निलंबित. गुन्ह्याचं काय करायचं ते वरचे ठरवणार आहेत. मॅनेजर चांगले आहेत, पत्र देताना म्हणाले, "बाई, तुम्ही नियम मोडला म्हणून आम्ही सगळे जिवंत, आणि नियम मोडला म्हणूनच हे पत्र. मला काही कळत नाही. तुम्ही सही करा." पोच म्हणून सही केली. तारीख-वेळ खरी घातली.

पेपरात आज त्याचा फोटो आलाय, माझ्यापेक्षा मोठा. टीव्हीवर तेच सहा जण. आता म्हणतात, सगळ्या स्थानकांत सेल काढायची सक्ती करा. वन्सं टीव्हीला पाठ करून बसल्या होत्या. मास्तरांनी पुन्हा सभा बोलवायला लावली, आणि चौदा माणसं परवापासून पुन्हा कामावर आहेत. त्यांतली एक झाडणारी मला स्थानकाच्या दारात भेटली. मला वळसा घालून तिनं झाडणं चालू ठेवलं.

लोक मला विचारतात, आता मोकळं वाटतंय ना? वाटतं. खोटं कशाला लिहू? शांत झोप लागते, पोटभर जेवते. जिचा नवरा पाच दिवस आत होता तिला असं मोकळं वाटत असेल का, ते माहीत नाही.

रविवार, १७

आज त्याच्या घरी गेले. एकटी. वन्सं येते म्हणाल्या, मीच नको म्हटलं.

एकच खोली. घरमालकानं आता राहायला सांगितलंय, वर दारातला मोडका बाकही दुरुस्त करून दिलाय. होयबा खाटेवर बसला होता. मला बघून उठू लागला, मी म्हटलं, "बसा हो, मी काही ऑफिसात नाही, आणि आता कदाचित पुन्हा नसेनही."

मग मी माफी मागितली. घरून वाक्यं जुळवून नेली होती, त्यांतलं एकही आठवलं नाही. "चुकले," एवढंच म्हणाले. "आणि तुम्ही जे केलंत त्याचे आभार कसे मानू ते मला कळत नाही."

तो बोलू लागला. बारा वर्षांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"पहिले दोन दिवस मला वाटायचं, आज बाई येतील. पावलं वाजली की वाटायचं, आल्या. तिसऱ्या दिवशी तुमचा फार राग आला, बाई. चौथ्या दिवशी ठरवलं, आज सांगूनच टाकायचं. साहेबांनी विचारलं, कुणी सांगितलं? आणि तोंडातून निघालं, कुणी नाही. मग मला माझाच राग आला."

मी मान खाली घातली.

त्याची बायको कोपऱ्यात स्टोव्हपाशी पाठमोरी उभी होती. ती तशीच, न वळता म्हणाली, "शनिवारी मी तुमच्या दारात आले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होय," मी म्हणाले. "गुरुवारपासून."

यापुढे ती काहीही बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. पाणी उकळल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं तीन कप भरले आणि एक माझ्या हातात आणून दिला, माझ्याकडे न बघता. मी घोट घेतला. चांगला गोड होता. मला वर्षभर साखर बंद आहे, पण आज त्या घरात तोंड उघडायचा हक्क मला नाही असं वाटत होतं. गुपचूप पिणार होते.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

'छान' एवढंच ओठांवर होतं. मी म्हणाले, "छान आहे. पण मला साखर चालत नाही. आधी सांगायला हवं होतं."

तिनं आता पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. नीट, पूर्ण पाहिलं. मग माझ्या हातातला कप काढून घेतला आणि नवऱ्यापुढे ठेवला. स्टोव्ह पुन्हा पेटवला, भांडं विसळलं, त्यात एक कप पाणी मोजून घातलं, आणि माझ्याकरता वेगळा चहा टाकला.

बिनसाखरेचा, जरा कडू. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मला गुच्छ मिळाला, पेपरात फोटो आला, मॅनेजरनी हात मिळवला, पण या दोन आठवड्यांत याहून मोठं मला कुणी काही दिलं नाही.